पहिला रेडर कोण, हा प्रश्नच बाद आहे

कबड्डीचा सीझन सुरू झाला की खडकवासल्यात एकच वाद पेटतो. चौपाटीवर कणसाच्या गाडीपाशी, स्वारगेटकडे निघालेल्या बसच्या मागच्या सीटवर, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे चार पोरं उभी असतील तिथे. पुणेरी पलटणचा पहिला रेडर कोण? अस्लम इनामदार की मोहित गोयत?

अस्लमवाले म्हणतात, कॅप्टन आहे, डोकं शांत आहे, दबावात खेळतो. मोहितवाले म्हणतात, ताकद बघ, वेग बघ, एकदा रेषेकडे वळला की चार जणांना ओढत नेतो. मग मोबाइल बाहेर येतात. याचे इतके रेड पॉइंट, त्याचे इतके. याचे सुपर टेन किती, त्याचे किती. तेवढ्यात पन्नाशीचे कोणीतरी काका मध्ये पडतात आणि दोघांनाही मोडीत काढतात: "अरे, तुम्ही राजू भावसार पाहिला नाही. अशोक शिंदे पाहिला नाही. हे मॅटवरचे बूटवाले काय कबड्डी खेळणार!" इथून पुढे वाद कोणत्या वळणाने जाणार हे सगळ्यांना पाठ असतं. तरी पुढच्या सामन्याला पुन्हा तोच.

मला या वादाचा राग येतो. वाद घालतात म्हणून नाही. पुण्यात राहून वादाचा राग येत असेल तर माणसाने सातारा गाठावा. राग याचा येतो की हा वाद खेळ न बघता घालता येतो. फक्त आकड्यांची यादी उघडली की झालं. माझं म्हणणं सरळ आहे. कबड्डीत रेडरच्या जोडीतला 'पहिला कोण' हा प्रश्न खेळाच्या नियमांतच बसत नाही. आणि तो रोज विचारून आपण काही खेळाडूंचं, काही पोरांचं खरंखुरं नुकसान करतो आहोत.

आधी नियम बघू

कबड्डीत एक गोष्ट अशी आहे जी क्रिकेटमध्ये नाही, फुटबॉलमध्ये नाही, बास्केटबॉलमध्येही नाही. बाद झालेला गडी परत येतो. आपल्या रेडरने समोरचा एक गडी टिपला किंवा आपल्या बचावाने त्यांचा रेडर पकडला, की आपला बाहेर बसलेला एक गडी जिवंत होतो. जो आधी बाद झाला तो आधी परत येतो. लहानपणी हुतूतू खेळलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पण आकड्यांची यादी उघडली की हे आपण साफ विसरतो.

एक साधा प्रसंग घ्या. अस्लम पकडला गेला, बाहेर जाऊन बसला. पुढच्या चढाईत मोहितने एका कोपरारक्षकाला हात लावला आणि परत आला. एक गुण. अस्लम आत आला. त्याने पुढच्या चढाईत दोन गडी टिपले. यादीत काय दिसेल? अस्लम दोन, मोहित एक. चौपाटीवरचा निकाल: अस्लम भारी. आता मला सांगा, मोहितचा तो एक गुण नसता तर अस्लम ते दोन गुण बाकावर बसून मिळवणार होता का? ते तीन गुण कोणाचे, हे वेगळं काढताच येत नाही. एकाचे गुण म्हणजे दुसऱ्याला मिळालेला मॅटवरचा वेळ.

बोनसची गंमत तर आणखी वेगळी. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना रेडरने बोनसची रेषा ओलांडली की गुण मिळतो. पण बोनसच्या गुणाने आपला एकही गडी जिवंत होत नाही. म्हणजे एका रेडरने पाच बोनस आणले आणि दुसऱ्याने पाच गडी टिपले, तर यादीत दोघांपुढे पाचच लिहिलेले दिसतात. पहिल्याने एकाही सहकाऱ्याला आत आणलेलं नसतं. दुसऱ्याने समोरच्या अंगणातले पाच कमी केलेले असतात आणि आपले पाच परत आणण्याची सोय केलेली असते. तरी वादात दोघं सारखेच धरले जातात. बोनसवाल्याला मी कमी लेखत नाही. सामना बरोबरीत असताना शेवटच्या मिनिटातला एक बोनस लाखमोलाचा असतो. मुद्दा असा की 'पाच' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही.

तिसरी गोष्ट रिकाम्या चढाईची. एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करा किंवा मरा' होते: गुण आणला नाही तर रेडर बाद. आता बघा, आघाडी घेतलेला संघ मुद्दाम रिकाम्या चढाया करतो. रेडर आत जातो, तीस सेकंद कबड्डी-कबड्डी म्हणत हुलकावण्या देतो, परत येतो. घड्याळ पळतं. हे काम करणाऱ्याच्या खात्यात शून्य जमा होतं. आणि तिसरी, मानेवर सुरी असलेली चढाई करायला जो जातो त्याची सरासरी आपोआप खाली येते, कारण त्याच्याकडे परत फिरण्याचा पर्यायच नसतो. संघातली सगळ्यात अवघड नोकरी करणारा माणूस यादीत सगळ्यात साधा दिसतो. हे तुम्हाला ओळखीचं वाटत असेल, तर थांबा, त्याच्याकडेही येतो.

आता इतिहास बघू, फार जुना नाही

अस्लम आणि मोहित दोघंही प्रो कबड्डीच्या आठव्या सीझनमध्ये, म्हणजे 2021च्या डिसेंबरात, नवखे म्हणून पलटणमध्ये आले. त्या वेळी संघात मोठी नावं होती राहुल चौधरी आणि नितीन तोमर. सीझन संपेपर्यंत चर्चा मात्र या दोन पोरांची होती. एक अहमदनगर जिल्ह्यातला, एक हरियाणाचा. जोडी तिथे जमली.

नववा सीझन. 17 डिसेंबर 2022, मुंबई. पलटण पहिल्यांदाच अंतिम फेरीत, समोर जयपूर पिंक पँथर्स. आणि अस्लम, मोहित दोघंही दुखापतीमुळे बाहेर. म्हणजे ज्या दोघांपैकी पहिला कोण यावर आपण घसे कोरडे करतो, ते दोघंही नसताना संघ फायनल खेळला. उपांत्य सामन्यात तमिळ थलायवाजविरुद्ध संघाला तारलं पंकज मोहितेने. फायनल पलटण हरली, पण 33-29 अशी, चार गुणांनी. तिसरा, चौथा, पाचवा रेडर, कॅप्टन फझल अत्राचली आणि त्याचा बचाव यांनी मिळून संघाला तिथवर नेलं होतं.

दहावा सीझन. पलटणने साखळीत 22 पैकी फक्त 2 सामने गमावले आणि 1 मार्च 2024ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा करंडक जिंकला. त्या सीझनचा सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम इनामदार. अस्लमवाल्यांनी लगेच कॉलर ताठ केली. पण नीट बघा: चढाईच्या गुणांच्या यादीत अस्लम पहिल्या पाचातही नव्हता. वर होते आशू मलिक, अर्जुन देशवाल, पवन सेहरावत. मग त्याला हा मान का मिळाला? कारण तो चढाई करायचा, पकड करायचा, आणि संघ चालवायचा. ज्या यादीच्या जिवावर तुम्ही वाद घालता, त्या यादीने अस्लमला कधीच पहिला केला नसता.

आणि ती फायनल कोणी फिरवली? पुन्हा पंकज मोहितेने. मध्यंतराच्या थोडं आधी त्याने एकाच चढाईत चार गुण आणले. त्या 'अस्लम की मोहित'च्या वादात पंकजचं नाव शेवटचं कधी ऐकलंत?

आता अकरावा. पलटणने मोहम्मदरेझा शादलूला जाऊ दिलं. दहाव्या सीझनमध्ये पकडींच्या यादीत पहिला असलेला, डाव्या कोपऱ्यातला इराणी वाघ. लिलावात हरियाणाने त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं. इकडे अस्लम दुखापतीने मध्येच बाहेर पडला आणि गतविजेती पलटण प्लेऑफमध्येही पोहोचली नाही. तिकडे हरियाणाने 29 डिसेंबर 2024ला पाटणा पायरेट्सला 32-23 असं हरवून करंडक नेला. तोही कुठून? आपल्याच बालेवाडीतून. आमच्याकडे त्या हिवाळ्यात चर्चा होती ती अस्लमच्या गुडघ्याची आणि मोहितने त्याची जागा भरली की नाही याची. डाव्या कोपऱ्याची जागा कोणी भरली, हे विचारायला कोणाला सवड नव्हती.

बाराव्यात पलटण पुन्हा फायनलला. 31 ऑक्टोबर 2025, दिल्ली. दबंग दिल्लीकडून 31-28 अशी हार. दिल्लीच्या बचावात कोण होता? फझल अत्राचली. तोच, 2022च्या फायनलमधला पलटणचा कॅप्टन.

चार सीझनमध्ये तीन फायनल. पहिलीत जोडी नव्हती आणि संघ जवळपास जिंकला. दुसरीत तिसऱ्या रेडरने सामना फिरवला. तिसरीत आपला जुना बचावपटू समोर उभा होता. मधल्या सीझनमध्ये आपण सोडलेला कोपरा दुसऱ्याच्या करंडकामागे होता. एवढं सगळं डोळ्यांसमोर घडूनही आपला वाद जिथल्या तिथे.

धरणाच्या काठावरचं शहाणपण

खडकवासल्यात राहणाऱ्यांनी तरी ही चूक करू नये. दर पावसाळ्यात बातमी येते: खडकवासल्यातून मुठेत इतके हजार क्युसेक विसर्ग. भिडे पूल पाण्याखाली गेला की सगळं पुणे खडकवासल्याचं नाव घेतं. धरणाच्या भिंतीवर गर्दी, सेल्फी, भजी. जणू शहराची तहान हे एकटं धरण भागवतं.

खडकवासल्याची साठवण क्षमता आहे 1.97 टीएमसी. त्याच्या मागे पानशेत 10.65 टीएमसी, वरसगाव 12.82 टीएमसी आणि टेमघर 3.71 टीएमसी. चौघांची बेरीज 29.15. म्हणजे जे धरण रोज बातमीत असतं, ते चौघांत सगळ्यात लहान आहे. पाणी सोडणारा दरवाजा इथे आहे, म्हणून नाव इथलं. पाणी धरून ठेवणारे मागे डोंगरात, सहसा बातमीत न येणारे. खडकवासला फालतू आहे असं मी म्हणत नाही. दरवाजाच नसेल तर साठलेलं पाणी शहरापर्यंत येईल कसं? पण दरवाजातून किती पाणी गेलं यावरून धरणाची उंची मोजणारा माणूस पाटबंधारे खात्यात एक दिवस टिकणार नाही. कबड्डीच्या वादात मात्र तोच माणूस तज्ज्ञ ठरतो.

रेडर हा दरवाजा आहे. गुण त्याच्यातून वाहतात. ते साठतात कुठे, हे बघायचं तर नजर डाव्या कोपऱ्यावर, उजव्या कोपऱ्यावर, दोन मध्यरक्षकांवर हवी. बचावाने समोरचा रेडर पकडला की आपला गडी जिवंत होतो आणि बहुतेक वेळा तो गडी रेडरच असतो. पकडीचा गुणही एकाच्याच नावावर लागतो. कोपऱ्याने घोटा धरला, मध्यरक्षकाने कमरेवर झेप घेतली, तिसऱ्याने रेषेकडचा रस्ता बंद केला. यादीत नाव एकाचं. बाकीच्यांना काय? धूळ. म्हणजे आता मॅट आहे, धूळसुद्धा नाही.

हे मला इतकं का लागतं

कारण मी याच यादीत राहतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या पहिल्या नोकरीत टीमचा एक डॅशबोर्ड होता, कोणी किती टिकेट बंद केली ते रोज दाखवणारा. आमच्यात एक जण होता जो कमी टिकेट बंद करायचा. तो दुसऱ्यांचा कोड वाचायचा, चुका पकडायचा, रात्री सर्व्हर पडला की उठायचा, नव्या पोरांना शिकवायचा. अप्रेझलच्या मीटिंगमध्ये त्याचा आकडा सगळ्यात खाली. आमचे दोन 'स्टार' त्याने निस्तरलेल्या कामांवर उड्या मारत होते. तो कंटाळून गेला. पुढच्या तीन महिन्यांत स्टारचे आकडेही खाली आले, तेव्हा मॅनेजरांनी कारण म्हणून 'मार्केट कंडिशन' सांगितली.

माझ्या वयाच्या, पुण्यात आयटीत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट आहे. दिवसभर आपल्याला आकड्यात कोंबणाऱ्यांना आपण शिव्या देतो. आणि संध्याकाळी घरी येऊन, चहाचा कप हातात घेऊन, मॅटवर घाम गाळणाऱ्या पोराला त्याच आकड्यात कोंबतो. साहेबाची सवय सगळ्यात लवकर आपल्यालाच लागते.

त्यात फँटसीच्या अ‍ॅपांनी भर घातली. काही वर्षं आमच्याकडचे निम्मे 'कबड्डीप्रेमी' हे आपल्या फँटसी टीमचे प्रेमी होते. पलटण हरली तरी चालेल, पण मी कॅप्टन केलेल्या रेडरने अकरावा गुण आणला पाहिजे, अशी प्रार्थना करणारे लोक मी शेजारी बसलेले पाहिलेत. 2025च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. पैसे गेले. बघण्याची पद्धत राहिली. खेळाडू म्हणजे गुणांचं पाकीट, हे डोक्यातून जायला कायदा पुरत नाही.

काकांचंही ऐकू, पण सगळं नाही

इथे काकांना वाटेल मी त्यांच्या बाजूचा आहे. आकड्यांना शिव्या दिल्या म्हणजे 'आमच्या वेळी'ला मान्यता मिळाली! नाही काका. आकडे मला आवडतात, त्यावर माझं पोट आहे. प्रो कबड्डी 2014ला सुरू झाली, प्रत्येक चढाईची नोंद होऊ लागली, म्हणून नगर जिल्ह्यातल्या एका पोराचा खेळ देशाला मोजता आला. त्याआधी निवड कशी व्हायची, कोणाचा मुलगा कोणाच्या संघात कसा जायचा, हे तुम्हीच रंगवून सांगता. नोंद नसली की वशिल्याला मोकळं रान मिळतं.

पण काका म्हणतात त्यात एक खरं आहे. राजू भावसार आणि अशोक शिंदे 1990ला बीजिंगला भारतासाठी खेळले. आशियाई खेळांत पदकासाठी कबड्डी त्या वर्षी पहिल्यांदा होती, आणि सुवर्ण आपलं होतं. त्यांची प्रत्येक चढाई कोणत्याही अ‍ॅपवर सापडत नाही. तर आमच्या पिढीचा निष्कर्ष काय? 'स्टॅट्स दाखवा.' नाहीत ना? मग विषय संपला. ही उद्धट मूर्खपणाची हद्द आहे. ते मातीवर, अनवाणी, वेगळ्या नियमांत, वेगळ्या वेगाने खेळले. त्यांना आजच्या यादीत बसवून 'किती गुण केले असते' विचारणं आणि आजच्या पोरांना मातीत उतरवून 'दोन मिनिटं टिकले नसते' म्हणणं, दोन्ही एकाच आळसाची रूपं आहेत. अशोक शिंदे पुढे याच पलटणचे प्रशिक्षक होते. म्हणजे जुनी कबड्डी नव्या कबड्डीत हाताला धरून आणलेली आहे. ती वेगळी काढून तराजूच्या दुसऱ्या पारड्यात टाकायची गरजच काय?

आणि काका, तुमच्या आठवणीतही एक मोठं भगदाड आहे. तुमच्या यादीत बाया का नसतात? शकुंतला खटावकर याच पुण्याच्या. 2012ला पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात महाराष्ट्राच्या तिघी होत्या: दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे, सुवर्णा बारटक्के. दीपिका तर पुण्याचीच. 2016ला पुरुषांच्या लीगबरोबर महिलांची तीन संघांची एक छोटी स्पर्धा दाखवली गेली. ती तेवढ्यावरच राहिली. अ‍ॅपवर नोंद नाही म्हणून आम्ही विसरलो, आणि आठवणीवर चालणारे तुम्ही, तुम्हीही विसरलात. 'पुण्याचा सार्वकालिक संघ' काढायला बसणाऱ्या दोन्ही पिढ्यांनी आधी एवढं उत्तर द्यावं.

'आपला' कोण

या वादात आणखी एक विष हळूच मिसळतं. मोहित चुकला की तो 'हरियाणाचा' होतो. पकडींची फेरी जमली की शादलू 'आपला', गेला की 'भाडोत्री इराणी'. अस्लम आणि आकाश शिंदे 2023च्या हांगझोऊ आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलेल्या भारतीय संघात होते, तेव्हा सगळ्यांचा ऊर भरून आला, बरोबरच आहे. पण 'आपला' हे विशेषण स्कोअरबोर्ड बघून लावायचं असेल तर ते प्रेम नाही, तो हिशोब आहे. मोहित 2021पासून याच संघाकडून खेळतोय. तितकी वर्षं एका कंपनीत टिकलेले किती जण तुमच्या ओळखीचे आहेत?

नुकसान कोणाचं होतं

तुम्ही म्हणाल, एवढं मनावर काय घ्यायचं, टाइमपास आहे. तर टाइमपास कोणाच्या अंगावर पडतो ते सांगतो.

सिंहगड रस्त्याच्या या टोकाला अजून संध्याकाळी कबड्डीचा सराव चालणारी मैदानं आहेत. तिथे जाऊन दहा-बारा वर्षांच्या पोरांना विचारा, तुला कोण व्हायचंय? रेडर. तुला? रेडर. सात जणांच्या संघात सातही रेडर. मध्यरक्षक व्हायला कोणी तयार नसतं, कारण मध्यरक्षकाचं नाव पोराच्या बापाने घरी कधी घेतलेलं नसतं. बाप मैदानाच्या कडेला मोबाइल धरून उभा असतो. पोराची चढाई आली की रेकॉर्डिंग सुरू, चढाई संपली की बंद. पोर बचावात काय करतंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही. सामना संपल्यावर पहिला प्रश्न: 'किती पॉइंट काढलेस?'

आमच्याकडच्या एका चौदा वर्षांच्या पोराला मी खेळताना पाहिलंय. आडवा, बसका, पाय जमिनीत रोवल्यासारखे. समोरचा रेडर कधी वळणार हे त्याला रेडरच्या आधी कळायचं. असा मध्यरक्षक घडवायला प्रशिक्षकाची चार वर्षं जातात, याला तो उपजत मिळाला होता. घरच्यांनी हट्ट धरला, रेड कर. रेडमध्ये तो तिसऱ्या सेकंदाला पकडला जायचा. एका हंगामात त्याचा विश्वास गेला. आता तो येत नाही. त्याला कोणी बाद केलं? समोरच्या संघाने नाही. 'पहिला रेडर कोण' या आपल्या गप्पांनी केलं. त्या गप्पा मैदानाच्या कडेपर्यंत ऐकू जातात.

ही झळ पुढेही पोहोचते. गावातलं पोर कबड्डी खेळतं ते बऱ्याचदा नोकरीच्या आशेने: पोलीस, रेल्वे, एखाद्या संस्थेचा संघ. तिथे निवडायला बसलेली माणसं आपल्यातलीच असतात, आपल्याच गप्पा ऐकून वाढलेली. लोकांच्या तोंडी ज्याचं नाव, त्याच्याकडे निवडणाऱ्याची नजर आधी जाते. आपण ज्याला बघतच नाही, त्याला उद्या कोणी घेणार नाही.

मग वाद घालायचा कसा

वाद बंद करा असं मी म्हणणार नाही. वादाशिवाय खेळ म्हणजे मिठाशिवाय कणीस. पण वाद खेळावर घाला. पुढच्या सामन्यात एवढं बघा: अस्लम बाहेर असताना मोहित कसा खेळतो आणि मोहित बाहेर असताना अस्लम कसा खेळतो? कोणाच्या गुणाने किती गडी आत आले? त्यातले बोनस किती? 'करा किंवा मरा' कोणाच्या गळ्यात पडते? आपला बचाव समोरच्याला किती वेळा रिकाम्या हाताने परत पाठवतो? वही घेऊन बसलात तर एका सामन्यात कळेल की जोडी म्हणजे दोन बेरजा नव्हेत. त्यांना एकमेकांची पोकळी भरता येते की नाही, यावर जोडी ठरते. त्या अर्थाने अस्लम-मोहित ही मी पाहिलेली पलटणची सगळ्यात चांगली जोडी आहे, आणि हे वाक्य बोलायला मला त्यातला पहिला ठरवावा लागला नाही.

दरवर्षी 15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, आपल्याकडे कबड्डी दिन साजरा होतो. फोटो, हार, 'मातीतला खेळ' वगैरे शुभेच्छा. त्या दिवशी हार घालायच्या आधी एक परीक्षा द्या. पलटणने करंडक जिंकला त्या 2024च्या संघातले दोन मध्यरक्षक सांगा. मोबाइल खिशात ठेवून.

संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन. आणि उजव्या कोपऱ्यात गौरव खत्री. ही तीन नावं ज्याला आठवली नाहीत, त्याने 'पहिला रेडर कोण' यावर निदान या सीझनला तोंड उघडू नये. ज्याला आठवली, तो मुळात हा वाद घालत नाही.